इंडोनेशिया : एका नावाची जन्मकथा

भूगोलाच्या पुस्तकातील देशांची नावे मुले पाठ करतात, तेव्हा ती डोंगर-नद्यांइतकीच जुनी असावीत असा आपला समज असतो. वस्तुस्थिती पुष्कळदा निराळी असते. फिलिपाइन्स हे नाव सोळाव्या शतकात स्पेनच्या दर्यावर्दींनी आपल्या राजपुत्राच्या, फिलिपच्या, नावावरून दिले. टांझानिया हे नाव १९६४ साली टांगानिका आणि झांजिबार या दोन नावांचे तुकडे जोडून तयार झाले. परंतु अशा घडवलेल्या नावांत सर्वांत उद्बोधक कथा आहे ती इंडोनेशिया या नावाची. एका नियतकालिकाच्या पानावर जन्मलेला हा शब्द शंभर वर्षांच्या आत एका राष्ट्राचे नाव झाला. या प्रवासात विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा आहे, म्हणून ही कथा आपल्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी जाणून घेण्यासारखी आहे.

जुनी नावे

आज ज्याला आपण इंडोनेशिया म्हणतो तो सतरा हजारांहून अधिक बेटांचा समूह आहे. पश्चिमेकडील सुमात्राच्या टोकापासून पूर्वेकडील पापुआपर्यंतचे अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर भरते. एवढ्या विस्तृत प्रदेशाला सर्वांनी मिळून वापरावे असे एक नाव पूर्वी नव्हते. आपल्या प्राचीन ग्रंथांत यवद्वीप, सुवर्णद्वीप अशी नावे येतात. अरब लोक या साऱ्या बेटांना ढोबळमानाने ‘जावा’ म्हणत. चौदाव्या शतकात इब्न बतूता सुमात्रा बेटावरील समुद्र या सल्तनतीत आला, त्यानेही त्या बेटाला जावाच म्हटले आहे. मक्केत हजला किंवा शिक्षणासाठी येणारा माणूस सुमात्राचा असो, बोर्निओचा असो की जावाचा, तेथे तो ‘जावी’ या एकाच नावाने ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकात मक्केत अध्यापन करणारे विख्यात आलिम शेख नववी अल्-बंतनी यांच्या नावापुढेही ‘अल्-जावी’ ही निसबत लागते. आपल्या कोकणी मुसलमानांप्रमाणेच या बेटांवरील मुसलमान शाफई पंथाचे आहेत. हिंदी महासागराच्या काठाने चाललेल्या जुन्या दळणवळणाची ही एक खूण होय.

जावामध्ये चौदाव्या शतकात मजपहित हे बलाढ्य राज्य होते. त्याच्या काळात ‘नुसांतारा’ हा शब्द प्रचारात होता. ‘नुसा’ म्हणजे बेट. ‘अंतारा’ हा तर आपलाच ‘अंतर’. पण त्या वेळी त्याचा अर्थ ‘जावाबाहेरची बेटे’ असा मर्यादित होता. राजधानीतून पाहणाऱ्याने दूरच्या मुलखाला दिलेले ते नाव होते.

पुढे युरोपीय आले. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने मसाल्याच्या व्यापारासाठी येथे पाय रोवले. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी बुडाली आणि तिचा मुलूख डच सरकारकडे गेला. त्याचे नाव झाले ‘नेदरलँड्स इंडिया’, म्हणजे डचांचा हिंदुस्थान. मुल्तातुली या टोपणनावाने लिहिणाऱ्या डच लेखकाने १८६० साली आपल्या ‘माक्स हावेलार’ या कादंबरीत वसाहतीतील जुलमाला वाचा फोडली आणि या प्रदेशाला ‘इन्सुलिंद’ असे काव्यमय नाव दिले. काही काळ ते लोकप्रियही झाले, परंतु टिकले नाही.

शब्दाचा जन्म

१८४७ पासून सिंगापुरात एक इंग्रजी नियतकालिक निघत होते. हिंदी द्वीपसमूह व पूर्व आशिया यांचा अभ्यास हा त्याचा विषय. जेम्स रिचर्डसन लोगन हा पेनांगमध्ये वकिली करणारा स्कॉटिश गृहस्थ त्याचा संपादक होता. १८५० साली त्यात जॉर्ज विंडसर अर्ल या इंग्रज अभ्यासकाचा लेख आला. या बेटांवरील लोकांना एक स्वतंत्र नाव असावे असे सुचवून त्याने दोन शब्द पुढे केले : ‘इंडुनेशियन’ आणि ‘मलायुनेशियन’. ग्रीक भाषेत ‘नेसॉस’ म्हणजे बेट. पॉलिनेशिया हा शब्द याच रीतीने आधी तयार झालेला होता. अर्लला स्वतःला दुसरा शब्द अधिक पसंत होता. लोगनने मात्र त्याच वर्षी पहिला शब्द उचलला, त्यातील ‘उ’च्या जागी ‘ओ’ घातला आणि आपल्या लेखांत ‘इंडोनेशिया’ असे लिहावयास प्रारंभ केला. जनकाने टाकलेला शब्द संपादकाने जगवला!

या नावाच्या पूर्वार्धाचे आपल्याशी नाते आहे. सिंधू नदीच्या नावावरून इराणी लोकांनी ‘हिंद’ केले, ग्रीकांनी ‘इंडॉस’ केले आणि तोच शब्द या बेटांच्या नावात जाऊन बसला.

एक शब्द, अनेक अर्थ

प्रारंभी हा शब्द केवळ विद्वानांच्या वापरात होता आणि प्रत्येक विद्वान त्याचा वेगळा अर्थ करीत होता. लोगनच्या लेखी तो सोयीचा भौगोलिक शब्द होता. आडोल्फ बास्टियान या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाने १८८४ पासून ‘इंडोनेशिया’ या शीर्षकाचे अनेक खंड प्रसिद्ध केले, त्यामुळे हा शब्द युरोपात सर्वतोमुखी झाला. इतका, की त्याचा जनकही बास्टियानच असा बराच काळ समज होता. काही मानववंशशास्त्रज्ञ मलाय लोकांच्या आधी आलेल्या एका निराळ्या वंशाला ‘इंडोनेशियन’ म्हणत. फिलिपाइन्सच्या शाळांतून तर त्या देशात आलेल्या लोकांच्या ‘लाटां’पैकी एकीचे नाव म्हणून हा शब्द दीर्घकाळ शिकवला गेला. भाषाशास्त्रज्ञांनी जाळे आणखी दूर फेकले. त्यांच्या ‘इंडोनेशियन भाषां’मध्ये फिलिपाइन्सची तागालोग होती आणि आफ्रिकेजवळच्या मादागास्करची मालागासी भाषासुद्धा होती.

सांगावयाचे असे की, या शब्दाला अजून सीमा नव्हती, आणि ज्यांचे ते नाव होते त्यांना तर त्याचा पत्ताही नव्हता. डच कायदा लोकांचे तीन वर्ग करी : युरोपीय, परके पौर्वात्य आणि ‘इनलांडर’, म्हणजे नेटिव्ह. ज्याचा देश, तोच सर्वांत खालच्या पायरीवर! ‘इनलांडर’ या शब्दात जो तुच्छतेचा दर्प होता, तो आपल्या वाडवडिलांनी ‘नेटिव्ह’ या शब्दात अनुभवलेला आहे.

विद्यार्थ्यांच्या हाती

१९१३ साली डचांनी नेपोलियनच्या जोखडातून मुक्त झाल्याची शताब्दी साजरी करावयाचे ठरवले आणि त्यासाठी वसाहतीतल्या प्रजेकडूनही वर्गणी मागितली. सुवार्दी सूर्यनिंग्रात या तरुण जावानीज पत्रकाराने ‘मी जर डच असतो तर’ असा उपरोधिक लेख लिहिला. पारतंत्र्यातील माणसाकडून स्वातंत्र्याच्या उत्सवासाठी पैसे मागण्याची लाज मला वाटली असती, असा त्याचा आशय. त्याला हॉलंडला हद्दपार करण्यात आले. तेथे त्याने जी वृत्तसंस्था काढली तिच्या नावात ‘इंडोनेशिया’ हा शब्द होता. हाच गृहस्थ पुढे की हाजर देवांतारा या नावाने प्रसिद्धीस आला. १९२२ साली त्याने जोगजकार्तात ‘तामान सिस्वा’ या राष्ट्रीय शाळेची स्थापना केली. त्याचा जन्मदिवस, २ मे, इंडोनेशियात राष्ट्रीय शिक्षणदिन म्हणून पाळला जातो.

हॉलंडमध्ये शिकणाऱ्या या बेटांवरील विद्यार्थ्यांची एक संघटना १९०८ पासून होती. तिच्या नावात ‘इंडिश’ म्हणजे डच वसाहतीचा शब्द होता. १९२२ साली विद्यार्थ्यांनी तो बदलून ‘इंडोनेशिश’ केला. अवघी काही अक्षरे बदलली. पण ‘आम्ही डचांच्या वसाहतीचे नव्हे, आमच्या देशाचे’ हा अर्थ त्यात आला. पुढे डच भाषाही गेली आणि संघटना ‘पेरहिम्पुनान इंडोनेशिया’ झाली. तिचे मुखपत्र १९२४ पासून ‘इंडोनेशिया मर्देका’, म्हणजे ‘स्वतंत्र इंडोनेशिया’, या नावाने निघू लागले. सुमात्राहून रॉटरडॅमला अर्थशास्त्र शिकावयास आलेला मोहम्मद हट्टा हा या संघटनेचा अध्यक्ष झाला. १९२७ च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्स येथे भरलेल्या साम्राज्यविरोधी परिषदेत त्याची व जवाहरलाल नेहरूंची भेट झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात हट्टा व त्याचे तीन सहकारी यांना अटक झाली. काही महिने तुरुंगात काढल्यावर १९२८ च्या मार्चमध्ये हेगच्या न्यायालयात खटला चालला. हट्टाने आपल्या बचावाच्या भाषणाला नाव दिले ‘स्वतंत्र इंडोनेशिया’. न्यायालयाने चौघांनाही निर्दोष सोडले. त्या चौघांपैकी अली सास्त्रोअमिजोयो हे १९५५ च्या बांडुंग परिषदेच्या वेळी आपल्या देशाचे पंतप्रधान होते.

खटल्याला आठ महिनेही झाले नव्हते तोच मायदेशातील युवकांनी पुढचे पाऊल टाकले. २७ व २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बताव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे दुसरी युवक परिषद भरली. जावा, सुमात्रा, सेलेबीस, अम्बोन अशा निरनिराळ्या बेटांच्या युवक संघटना तीत होत्या, तसेच ‘योंग इस्लामियेतेन बाँड’ ही मुस्लिम युवकांची संघटनाही होती. आपली मातृभूमी एक, राष्ट्र एक आणि ऐक्याची भाषा एक. या तिहींचे नाव इंडोनेशिया, अशी शपथ त्यांनी घेतली. सुप्रातमान या पत्रकार-संगीतकाराने व्हायोलिनवर एक धून वाजवली. तेच पुढे राष्ट्रगीत झाले.

यातील भाषेचा निर्णय विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. लोकसंख्येत जवळजवळ निम्मे लोक जावानीज भाषेचे होते. परिषदेने मात्र भाषा निवडली मलाय, जी मातृभाषा म्हणून थोड्यांची, पण बंदरांत, बाजारांत आणि धर्मशिक्षणात शतकानुशतके अनेकांच्या वापरातली होती. जावानीजमध्ये वडीलधाऱ्याशी बोलण्याची भाषा वेगळी, बरोबरीच्याशी वेगळी. मलायमध्ये ही उतरंड फारशी नाही. बहुसंख्यांनी आपल्या भाषेचा आग्रह धरला नाही, म्हणून अल्पसंख्यांना ‘इंडोनेशिया’ हे नाव आपले वाटू शकले. शिवाय घरातली जावानीज, सुंदानीज वा मिनांगकाबाऊ कोणी सोडावी असेही त्या शपथेत नव्हते.

सरकारदरबारी

डच सरकारला हे नाव मुळीच रुचले नाही. हा विद्वानांनी बनवलेला कृत्रिम शब्द आहे. येथे शेकडो जमाती राहतात, राष्ट्र कोठे आहे, असा वसाहतवाद्यांचा युक्तिवाद असे. १९३९ साली मोहम्मद हुस्नी तामरिन यांनी वसाहतीच्या प्रतिनिधिमंडळात ठराव मांडला की सरकारी कागदपत्रांत ‘इनलांडर’ आणि ‘नेदरलँड्स इंडिया’ यांच्या जागी ‘इंडोनेशियन’ व ‘इंडोनेशिया’ हे शब्द वापरावेत. सरकारने नकार दिला. तीनच वर्षांनी जपानने ही बेटे जिंकून घेतली. त्यानंतर, ७ डिसेंबर १९४२ रोजी, परागंदा डच राणी विल्हेल्मिनाने लंडनहून केलेल्या भाषणात ‘इंडोनेशिया’ हा शब्द उच्चारला. पण तेव्हा देश तिच्या हाती राहिलेला नव्हता.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्णो व हट्टा यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. घोषणापत्र अवघे दोन वाक्यांचे होते आणि खाली सही होती ती इंडोनेशियन राष्ट्राच्या वतीने. त्यानंतर चार वर्षे डचांशी झगडा चालला. १९४७ व १९४८ साली डचांनी दोनदा लष्करी चढाई केली. या काळात बिजू पटनाईक यांनी विमानाने जाऊन सुतान शहरीर यांना भारतात आणले आणि जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी दिल्लीत इंडोनेशियाच्या प्रश्नावर आशियाई देशांची परिषद भरवली. गंमत अशी की १९४८ साली डचांनी आपल्या राज्यघटनेतच दुरुस्ती करून ‘नेदरलँड्स इंडिया’च्या जागी ‘इंडोनेशिया’ हे नाव घातले. सत्ता सोडण्यापूर्वी त्यांना शब्द सोडावा लागला. २७ डिसेंबर १९४९ रोजी सत्तांतर झाले आणि पुढच्याच महिन्यात, आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला, राष्ट्राध्यक्ष सुकार्णो दिल्लीत प्रमुख पाहुणे होते.

नावाची दुसरी बाजू

ही कथा येथे संपवली तर ती अपुरी राहील. नाव विद्वानांकडून आले, परंतु देशाची सीमा आली ती डचांच्या नकाशातून. विद्वानांच्या इंडोनेशियात असलेले फिलिपाइन्स बाहेर राहिले; उलट पश्चिम न्यू गिनी डचांच्या ताब्यात होते म्हणून त्यावर हक्क सांगितला गेला. ते १९६३ साली इंडोनेशियाकडे आले आणि तेथील पापुआन लोकांतील असंतोष त्यानंतरही धुमसत राहिला. पोर्तुगिजांच्या ताब्यातील पूर्व तिमोर १९७५ साली इंडोनेशियाने लष्कराच्या बळावर घेतले. १९९९ साली तेथील जनतेने मतदानाने वेगळे होण्याचा कौल दिला आणि २००२ साली तो स्वतंत्र देश झाला. १९२८ साली जे नाव तरुणांनी आपखुशीने घेतले, तेच येथे इतरांवर लादले गेले तेव्हा त्याची जादू चालली नाही. नाव देणे आणि नाव स्वीकारणे यांतील फरक हाच.

जुना ‘नुसांतारा’ शब्दही मरण पावला नाही. विसाव्या शतकात त्याचा अर्थ बदलून ‘सारा द्वीपसमूह’ असा झाला आणि २०२२ साली बोर्निओ बेटावर उभारल्या जाणाऱ्या नव्या राजधानीला तेच नाव देण्यात आले. एके काळी राजधानीबाहेरच्या मुलखाचे असलेले नाव आता राजधानीचेच झाले आहे!

विद्यार्थी मित्रांनो, ‘हे नाव बनावट आहे’ असे डच अधिकारी म्हणत, ते एका अर्थाने खरेच होते. त्यांच्या ‘नेदरलँड्स इंडिया’चे तरी दुसरे काय होते? फरक एवढाच की एक नाव राज्यकर्त्यांनी प्रजेला चिकटवले होते, आणि दुसरे वाचनालयात, वसतिगृहात आणि न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे राहून तरुणांनी स्वतः निवडले होते. त्या तरुणांजवळ सैन्य नव्हते, पैसा नव्हता. त्यांच्याजवळ शिक्षण होते, आणि निरनिराळ्या बेटांवरच्या, निरनिराळ्या भाषांच्या सोबत्यांना आपले म्हणण्याचे मन होते. एका विस्मृत नियतकालिकातील शब्दाला राष्ट्र करण्यास तेवढे पुरले.