कोथ (गँग्रीन)

रक्तपुरवठा थांबल्याने किंवा तीव्र जंतुसंसर्गाने शरीराचा भाग मृत होणे म्हणजे कोथ. बहुधा तो पायाच्या बोटांपासून सुरू होतो.

शुष्क कोथात बोट काळे पडून सुकते. मधुमेह, अरुंद झालेल्या धमन्या आणि तंबाखू ही त्याची मुख्य कारणे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत बर्गर रोगामुळेही बोटे जातात. आर्द्र कोथात भाग सुजतो, दुर्गंधी येते आणि विष रक्तात पसरू शकते.

वायुकोथ सर्वांत घाईचा. क्लॉस्ट्रिडियम जंतूंचे बीजाणू मातीत असतात. खोल, प्राणवायूविरहित जखमेत ते वायू निर्माण करतात आणि दाबल्यावर त्वचेखाली चरचर जाणवते. नीरा डाव्या कालव्यावरच्या लासुर्णे परिसरासारख्या ऊसपट्ट्यात कोयत्याचा घाव किंवा अनवाणी पायातले खोडव्याचे धसकट म्हणूनच क्षुल्लक मानू नये. त्यातून मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, तर जखम झाल्याचे कळतही नाही. हळद लावून वाट पाहणे हा इथला सर्वांत महागडा उपचार!

मृत ऊती काढून टाकणे, प्रतिजैविके, साखरेवर नियंत्रण आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपासने रक्तप्रवाह पूर्ववत करणे हे उपचार. मेलेली ऊती मात्र जिवंत होत नाही. संसर्ग आवरला नाही तर अवयव कापावा लागतो.

मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांच्या पायाला 1981 च्या तमिळनाडूतील अपघातानंतर कोथ झाला आणि पाय कापावा लागला. जयपूर फूट बसवून त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. ‘मयूरी’ चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली.