जयंती ते जयंती: आवडत्या अल्बमच्या वर्षाची गोष्ट

दरवर्षी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या ऑफिसातले पाच-सहा जण मिळून एक शीट भरतो. वर्षभरात आवडलेले दहा अल्बम, क्रमाने. अल्बमचं नाव, कलाकार, प्रदर्शनाचं वर्ष आणि तो का आवडला याच्या दोन ओळी. मग जानेवारी उजाडेपर्यंत भांडणं. पुण्यात नोकरीला लागल्यापासून मी हे न चुकता करत आलोय.

गेल्या वर्षी मात्र माझी यादी अडली. त्या वर्षी मी सगळ्यात जास्त जे ऐकलं, ते दिवाळीला गावाकडून आणलेल्या एका खोक्यातलं होतं. वसमतला आमच्या मोठ्या काकांचं कॅसेटचं दुकान होतं. आता त्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. दुकान बंद झालं तेव्हा उरलेला माल काकांनी माळ्यावर टाकला होता. त्यातल्या साठ-सत्तर कॅसेट मी घेऊन आलो. एक जुना डेक मिळवला, स्पिरिटने हेड पुसलं आणि एकेक कॅसेट लॅपटॉपमध्ये उतरवायला लागलो. या कामात घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात. त्यामुळे सगळं ऐकणं झालं, नीट झालं.

शीट भरायला बसलो आणि वर्षाच्या रकान्यापाशी थांबलो. तो रकाना रिकामा ठेवला की ओळ लाल होते. ते बंधन मीच घातलं होतं. पण निम्म्या कॅसेटांचे आतले कागद गळालेले, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच कागदांवर गायकाचा फोटो, कंपनीचं नाव, किंमत सगळं होतं, साल नव्हतं. काकांना फोन केला.

"साल कोण बघतंय रे बाबा? गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, अवंदाच्या जयंतीची नवी आली का?"

हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. 'वर्षातले आवडते अल्बम' यातला 'अल्बम' काय आणि 'वर्ष' कोणाचं, हे त्यानंतर शोधत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी अल्बम. फोटोचा अल्बम असतो तसाच हा मुळात पुठ्ठ्याचा होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मोठी रचना असली की तिच्या चार-सहा तबकड्या व्हायच्या आणि त्या पाकिटांच्या वहीसारख्या बांधणीत घालून विकल्या जायच्या. त्या बांधणीचं नाव अल्बम. १९४८ साली अमेरिकेत कोलंबियाने एलपी आणली, एका बाजूला वीसेक मिनिटं मावू लागली, वहीची गरज संपली, नाव मात्र राहिलं. आपल्याकडे १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला येऊन गौहर जानचं ध्वनिमुद्रण करून गेला, तेव्हापासून पुढची पन्नास वर्षं गाणं म्हणजे तीन मिनिटं हाच हिशोब होता. रात्र रात्र रंगणारं नाट्यपदही तबकडीत शिरताना तेवढंच व्हायचं. तेव्हा आवडीची यादी करायची तर ती सुट्या गाण्यांचीच होणार.

आणि तशीच झाली. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तिच्यामागे एका मराठी माणसाचा हात आहे, उलट्या बाजूने. त्याच वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीताबद्दल त्यांचं मत वाईट होतं, आणि आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. ऐकणाऱ्यांनी सुई फिरवून सिलोन धरलं. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी गाणी 'पायदान'वर चढवू-उतरवू लागले, आणि वर्ष संपताना वार्षिक कार्यक्रमात त्या वर्षाचा हिशोब मांडू लागले. सरकारने १९५७ साली 'विविध भारती' सुरू केली तरी गीतमालेची सवय सुटली नाही. १९८८ पर्यंत ती सिलोनवर आणि नंतर १९९४ पर्यंत विविध भारतीवर चालली. आमच्या शीटची खरी आजी तीच.

पण ही क्रमवारी ठरायची कशी? रेकॉर्डच्या दुकानांतून येणारे विक्रीचे आकडे आणि श्रोत्यांच्या, रेडिओ क्लबांच्या पत्रांवरून. म्हणजे मोजलं जाण्यासाठी दोन गोष्टी हव्यात: जवळ रेकॉर्डचं दुकान, नाहीतर पत्र लिहिण्याइतकं अक्षर आणि पोस्टाचे पैसे. शिवाय गाणं हिंदी सिनेमाचं हवं. मराठी भावगीत, अभंग, पोवाडा, लावणी या मोजणीत येण्याचा प्रश्नच नव्हता. मराठीत आकाशवाणीची 'आपली आवड' होती, पण ती फर्माईश. तिथे पहिला-दुसरा नंबर नव्हता.

मराठीत त्या काळात जे घडलं ते वेगळंच होतं. पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. दर आठवड्याला एक नवं गीत, अशी एकूण ५६ गीतं. एका कथेत ओवलेली, एका चढणीने जाणारी ही गीतं म्हणजे, आजच्या शब्दात सांगायचं तर, मराठीतला एक पुरा अल्बमच. फक्त तो आधी हवेतून आला आणि तबकड्यांवर नंतर बसला.

आता त्याच्या तारखा बघा. पहिलं गीत १ एप्रिल १९५५ ला, शेवटचं १९ एप्रिल १९५६ ला. वर्षभराचा कार्यक्रम, पण दिवस ३६५ पेक्षा जास्त. मी हे आधी वाचलं होतं तेव्हा प्रसारण थोडं लांबलं असेल असं समजून पुढे गेलो होतो. या वेळी पंचांग काढलं. पहिली तारीख रामनवमी, शेवटचीही रामनवमी, आणि मधे त्या वर्षी अधिक भाद्रपद आलेला. म्हणून त्या दोन रामनवम्यांमधे ३८४ दिवस पडले, आणि गीतंही ५६ झाली. लांबलं काहीच नव्हतं. वर्ष बरोबर भरलं होतं, फक्त ते माझ्या शीटमधलं वर्ष नव्हतं.

त्या रामनवमीला आमचं हिंगोली हैदराबाद राज्यात होतं, परभणी जिल्ह्यात. निजामाची राजवट जाऊन साडेसहा वर्षं झालेली, मराठवाडा मुंबई राज्यात यायला दीड वर्ष बाकी. (हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो थेट १९९९ साली.) आमच्या आजोबांच्या घरी तेव्हा रेडिओ नव्हता. पुण्यात घरोघरी ऐकलं गेलेलं गीतरामायण आमच्या घरात आलं ते तीस वर्षांनी, कॅसेटवर. आमच्या घराच्या यादीत गीतरामायण १९८५च्या आसपासचं आहे.

कॅसेटने काय केलं हे माझ्या वयाच्या लोकांना सांगावं लागतं. फिलिप्सने १९६३ साली काढलेली ही डबी भारतात घरोघरी पोचली ती ऐंशीच्या दशकात. तोवर इथला ध्वनिमुद्रणाचा धंदा मुख्यतः एका ग्रामोफोन कंपनीच्या हातात होता. तबकडी दाबायला कारखाना लागतो. कॅसेटची नक्कल करायला दोन डेक पुरतात. टी-सीरीज, व्हीनस यांच्यासारख्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या खाली जिल्ह्या-जिल्ह्यात छोटे छोटे उद्योग. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक लिहिलं ते याच उलथापालथीवर. जे गाणं मुंबईच्या स्टुडिओपर्यंत कधी पोचलं नसतं त्याला बाजार मिळाला.

आणि चोरीलाही. काकांच्या दुकानावर पाटी होती: 'कॅसेट भरून मिळेल.' कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी न्यायची. १९८४ साली कॉपीराइट कायदा कडक झाला होता, पण पाटी काही उतरली नाही. काका आता हे हसत कबूल करतात. खोक्यात कॅसेटांखाली मला त्या याद्यांच्या दोन वह्या सापडल्या, आणि माझ्या दृष्टीने त्या कॅसेटांपेक्षाही मोठ्या आहेत. गिऱ्हाईकाचं नाव, साठची की नव्वदची, आणि खाली त्याने निवडलेली गाणी, त्याने दिलेल्या क्रमाने. बाजू ए, बाजू बी. लग्नाच्या वरातीसाठी, बहिणीला सासरी द्यायला, ट्रॅक्टरवर लावायला. गीतमालेला ज्यांनी कधी पत्र लिहिलं नसेल त्यांच्या आवडीची ही क्रमवारी.

वह्यांमधे तारखा नाहीत, पण प्रसंग आहेत, आणि पानं उलटताना वर्ष कसं फिरायचं ते दिसतं. एप्रिलच्या सुरुवातीला भीमगीतं. आषाढीच्या आधी अभंग आणि बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ. मग गणपती, मग देवी. दसऱ्याला पुन्हा भीमगीतं, कारण दीक्षाभूमी. लग्नसराईत सिनेमा आणि आनंद शिंदेंचा 'पोपट'. नव्या कॅसेटा निघायच्या त्याही याच हिशोबाने. कंपनी जयंतीच्या आधी माल पाठवायची, कारण १४ एप्रिलनंतर तो खपणार नाही हे तिला माहीत होतं. 'अवंदाच्या जयंतीची' म्हणजे त्या वर्षातली. वर्ष जयंती ते जयंती.

यात सगळ्यात जास्त वेळा येणारं नाव प्रल्हाद शिंद्यांचं आहे. एकाच आवाजात विठ्ठल आणि भीमराव. वहीत एका पानावर हा माणूस वारीला निघालेल्या घरासाठी भरला गेलाय आणि पुढच्या पानावर जयंतीच्या मिरवणुकीसाठी. गावात ही दोन घरं एकमेकांच्या ओट्यावर बसत असतील-नसतील, पण आवाज दोन्हीकडे तोच होता. वामनदादा कर्डकांची गाणी कितीतरी गळ्यांतून येतात. त्या कॅसेटांच्या कागदांवर गीतकाराचं नाव कधी असतं, कधी नसतं. २००४ साली थोड्याच दिवसांच्या अंतराने दोघंही गेले.

आणि काही कॅसेट अशा आहेत की ज्यांच्यावर गायकाचंही नाव नाही. एकीवर बॉलपेनने फक्त 'नामांतर' लिहिलंय. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मधे झाला, आणि त्यानंतर इथे गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांबद्दल मला शाळेत कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या कॅसेटच्या बाजू बी वर गाण्यांच्या मधे एक माणूस बोलतो, मागे लेकरांचा गलका आहे, हार्मोनियम किंचित उतरलेली आहे. टेपवरचा थर सुटत चाललाय, त्यामुळे आवाज मधे मधे बुडतो. मी ती तीनदा उतरवली. चौथ्यांदा चालवायची हिंमत झाली नाही.

हिंगोलीपासून जवळच नरसी आहे. नामदेवांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं. तिथे पंजाबातून शीख भाविक येतात, कारण नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. लहानपणी त्याचा अभिमान वाटायचा, विचार कधी केला नव्हता. नामदेव १३५० साली गेले. गुरू अर्जनदेवांनी ग्रंथाचं संकलन पुरं केलं १६०४ साली. मधे अडीचशे वर्षं गेली. मग कोणीतरी बसून निवड केली, ती लिहून काढली, आणि नंतर त्या लिहिलेल्याला कोणी हात लावला नाही. यादी म्हणजे नुसता आवडीचा खेळ नसतो. काही वेळा जे यादीत गेलं तेवढंच उरतं.

कॅसेट गेल्या, सीडी आल्या. एका सीडीत दीडशे गाणी. मग काकांनी काही वर्षं 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशी पाटी लावली. क्रियापद तेच. मग इंटरनेट स्वस्त झालं आणि भरून देण्याची गरज संपली. आज प्रल्हाद शिंद्यांची पुष्कळ गाणी अ‍ॅपवर आहेत, पण त्यांच्यापुढे दिसणारी तारीख अनेकदा गाणं अ‍ॅपवर चढवल्याची असते. माझ्यासारख्याच कोणा इंजिनीअरचा रकाना रिकामा राहून चालत नव्हता, म्हणून त्याने हाती होती ती तारीख भरली. चूक त्याची नाही. पण पन्नास वर्षांनी कोणी हिशोब मांडला तर त्याला वाटेल, हा गायक मेल्यानंतर गायला लागला.

तर गेल्या वर्षीची माझी यादी. दहापैकी सहा त्या खोक्यातल्या होत्या. पहिल्या नंबरवर बॉलपेनची ती 'नामांतर' कॅसेट. शीटमधला वर्षाचा रकाना मी बंधनमुक्त केला आणि शेजारी नवा काढला: 'कुठून आलं, कधी ऐकलं.' मित्रांनी भांडण केलं, हे फसवणुकीत मोडतं म्हणाले. एकाने, तो लातूरचा, वाद अर्धवट सोडून विचारलं की त्याच्या मामाकडे अशाच दोन पिशव्या आहेत, माझा डेक मिळेल का.

डेक त्याच्याकडे गेलाय. काकांनी परवा फोन केला. माळ्यावर अजून एक खोकं निघालंय. जयंतीच्या आत घेऊन जा म्हणाले, पावसाळ्यात तिथे गळतं.