२४० ओळींचं चित्र

एशियाडच्या वर्षी, १९८२ ला, आपल्याकडे रंगीत टीव्ही आला तो 'पाल' पद्धतीचा. ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० फेऱ्या. पुढच्याच वर्षी जुलैत निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम विकायला काढला. तिकडे ५२५ ओळी आणि ६० फेऱ्या. नव्वदीत आपल्या घरांत शिरलेले 'टीव्ही गेम' बहुतेक या फॅमिकॉमच्याच नकला. मारिओ, कॉन्ट्रा, ती पिवळी कॅसेट... मंडळी, आठवतंय ना?

तर गंमत अशी. टीव्हीचं चित्र दोन हप्त्यांत यायचं, आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. त्या काळच्या गेम्सनी चलाखी केली आणि दोन्ही हप्ते त्याच ओळींवर टाकले. २४० ओळींचंच चित्र, पण दर फेरीला पुरं, आणि न थरथरणारं. डब्बा टीव्हीला काहीच फरक पडला नाही, येईल ते तो रंगवायचा. बिचारा!

सपाट टीव्हीला मात्र फरक पडतो. बरेच टीव्ही हे चित्र अर्धवटच समजतात आणि दोन हप्ते एकमेकांना शिवत बसतात. कडा दातेरी होतात, लुकलुकणारी पात्रं गायबच होतात. शिवाय शिवायला वेळ लागतो. तुम्ही बटण दाबता, पण मारिओ उडी मारेपर्यंत खड्डा आलेला असतो.

पुतण्याने आधी एक स्वस्तातली डबी आणली होती. तीही हेच शिवणकाम करते, वर चित्र ताणून मारिओला जाड्या करते. असो.

यावर हौशी मंडळींनीच उपाय काढला. मार्कुस हिएनकारी यांचा ओएसएससी घ्या. तो पूर्ण चित्राची वाट बघत नाही. एक ओळ आली की तीच दोनदा (किंवा पाचदाही) पुढे पाठवतो, त्यामुळे उशीर जवळपास शून्य. आणि त्याची आखणी सगळ्यांना खुली! पण आपल्या नकली गेम्सची पिवळी वायर तो थेट घेत नाही. म्हणून आम्ही माइक ची यांच्या रेट्रोटिंककडे वळलो. पिवळी वायर त्यात, एचडीएमआय टीव्हीत, टीव्हीवर 'गेम मोड', चित्राचं प्रमाण ४:३. झालं. ज्यांच्या गेमला फक्त अँटेनाची वायर आहे त्यांनी जुना व्हीसीआर फेकू नये. त्याच्या ट्यूनरवर गेम लावला की मागून पिवळ्या वायरीचं चित्र मिळतं.

एवढं सगळं करून एक गोष्ट काही परत आली नाही. बदकं मारायची बंदूक. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदूक नेमका तेवढ्याच क्षणी उजेड शोधते. तोही डब्बा टीव्हीच्या किरणाचा, सेकंदाला पंधरा-सोळा हजार वेळा लुकलुकणारा. सपाट टीव्हीचा उजेड तसा नसतो, शिवाय उशिरा पोचतो. कुठलाही कन्व्हर्टर इथे हात टेकतो.

आमच्या घरातली सर्वोत्तम नेमबाज म्हणजे वहिनी. परवा त्यांनी बंदूक हातात घेतली, चार-पाचदा घोडा दाबला आणि "ही मेली का रे?" म्हणून खाली ठेवली. बंदूक शाबूत आहे हो. तेव्हा नातेवाईक मंडळींना विनंती, कुणाकडे चालू स्थितीतला १४ इंची डब्बा टीव्ही असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. मी येऊन उचलून नेतो.