वॉरिंग्टनच्या गोगलगायी

पहिल्यांदाच वनस्पतींची काचपेटी लावणाऱ्याच्या मनात बहुतेकदा एक जुनी समजूत असते. वनस्पती प्राणवायू सोडतात, तो मासे घेतात. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो वनस्पती घेतात. मग पेटी आपली आपण चालत राहते. शाळेच्या प्रयोगशाळेत उलट्या नरसाळ्याखाली ठेवलेल्या हायड्रिलाचे बुडबुडे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे पटायला वेळ लागत नाही. पण या छंदाचा इतिहास पाहिला तर वेगळेच दिसते. ज्या पेटीने या छंदाचा पाया घातला, ती नुसत्या प्राणवायूच्या जोरावर तगली नाही. कुजणाऱ्या पानांचा बंदोबस्त झाला म्हणून तगली. नवख्याची पेटी पहिल्या महिन्यात बिघडते तीही बहुधा याच ठिकाणी.

रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधला रसायनशास्त्रज्ञ. प्रीस्टलीने १७७१ मध्ये पुदिन्याच्या डहाळीवर केलेले प्रयोग आणि हिरव्या भागांना उजेड लागतो हा इंगेनहाउसचा १७७९ चा शोध, हे दोन्ही त्याच्या पिढीला पाठ होते. प्रश्न एवढाच होता की बंदिस्त पाण्यात ही देवघेव खरोखर टिकते का. १८४९ मध्ये त्याने बारा गॅलनचे, म्हणजे सुमारे ५४ लिटरचे काचपात्र घेतले, तळाशी वाळू, चिखल आणि दगड घातले, व्हॅलिस्नेरियाचे एक रोप लावले आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. सुरुवातीला सगळे ठीक चालले. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. प्राणवायूचा हिशेब कागदावर जुळत असतानाही पेटी हातची जाण्याच्या बेतात होती. तेव्हा त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि तो थर खाऊन टाकला, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी व पिल्ले माशांचे खाद्य झाली. १८५० मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने हे सगळे मांडले. यशाइतकेच बिघाडाचे वर्णनही त्याने मन लावून केले, हे मला त्या लेखाचे खरे मोल वाटते.

यावर पहिला आक्षेप मानाचा. जान व्हिल्प्रू-पॉवर हिने १८३२ मध्येच सिसिलीतल्या मेसिनात काचेच्या टाक्यांत सागरी जीव ठेवून अभ्यासले होते. ॲना थिन हिने १८४६ पासून लंडनमध्ये समुद्री प्रवाळ जगवले; पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीशी ते पाणी वरून ओतत असे. या दोघींचा मान मोठाच आहे, आणि इतिहासलेखकांनी तो फार उशिरा दिला. पण मला इथे पहिला कोण यापेक्षा पेटी कशाने तगते हे पाहायचे आहे. त्या प्रश्नाचे उत्तर वॉरिंग्टनच्या नोंदींत सर्वात स्पष्ट मिळते, कारण मासे आणि वनस्पती या दोघांचा संसार मोडताना आणि गोगलगायींसह तिघांचा उभा राहताना त्याने पाहिला.

लोकांपर्यंत मात्र दोघांचीच गोष्ट पोचली. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, १८५३ मध्ये रीजंट्स पार्कमध्ये मत्स्यालय उघडले, १८५४ मध्ये फिलिप गॉसचे काचपेट्यांवरचे पुस्तक आले, आणि दिवाणखान्यात काचपेटी ठेवण्याची लाटच उसळली. लाट काही वर्षांतच ओसरली. पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या जेम्स ॲट्झने ‘संतुलित पेटी’ हे निव्वळ मिथक असल्याचे लिहिले. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, आणि माशांना लागणारा बराचसा प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून येतो. हा दुसरा आक्षेप मला वायूंच्या बाबतीत पूर्ण मान्य आहे. पण त्याने वॉरिंग्टनचे निरीक्षण खोटे ठरत नाही. मिथक ठरते ती दोघांची गोष्ट; घाण कोणीतरी पचवावी लागते, ही गोष्ट तशीच उरते.

ती घाण खरोखर कोण पचवते, याचे उत्तर त्याच घरातून आले. वॉरिंग्टनचा प्रयोग सुरू होता तेव्हा त्याचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, दहा-अकरा वर्षांचा होता. पुढे रॉथमस्टेडला शेतीरसायनावर काम करताना त्याने दाखवले की अमोनियाचे आधी नायट्राइट होते आणि मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि ही कामे दोन वेगवेगळे सूक्ष्मजीव करतात. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्कीने असे जिवाणू वेगळे काढून दाखवले. गोगलगाय पान खाते खरी, पण अमोनिया तीही सोडते. शेवटचा निचरा या न दिसणाऱ्या जिवांकडे आणि वनस्पतींकडे असतो. वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर या जिवाणूंची वस्ती जमायला काही आठवडे जातात, म्हणून आधी झाडे, मग थोडे मासे. डायना वॉल्स्टॅडने १९९९ च्या आपल्या पुस्तकात मातीचा थर आणि सुरुवातीपासून दाट लागवड यांवर भर दिला, कारण पुष्कळ पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियमच आधी उचलतात. जपानच्या ताकाशी अमानोची शैली याच्या दुसऱ्या टोकाची: प्रखर दिवे, सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड. तरीही काचेवरचे आणि पानांवरचे शेवाळ आवरायला त्याने बारीक झिंगे सोडले, आणि ते आज त्याच्याच नावाने विकले जातात.

तिसरा आक्षेप दुकानात रोज ऐकू येतो: गोगलगायी वाढून पेटी भरून टाकतात. रोपांबरोबर न बोलावता आलेल्या गोगलगायी खरेच वाढतात, पण अन्न असेल तेवढ्याच. काचेवर त्यांची गर्दी दिसू लागली तर औषध टाकण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. माशांनी न खाल्लेला दाणा तळाशी साचतो आहे का, आणि नव्या पाण्यात गळलेली जुनी पाने कात्रीने काढायची राहून गेली आहेत का. पहिल्या महिन्यात ही पाने गळतातच. बाजारात मिळणारी बरीच रोपे पाण्याबाहेर वाढवलेली असतात, आणि पाण्याखाली त्यांना नवी पाने काढावी लागतात.