साखरेचा अंगरखा

काचेच्या ताटलीत न्यूमोकॉकस हा जिवाणू वाढवला, तर त्याच्या वसाहती दोन तऱ्हेच्या दिसू शकतात. काही गुळगुळीत, ओलसर, चमकणाऱ्या. काही बारीक आणि खडबडीत. गुळगुळीत वसाहतीतले जिवाणू उंदराला टोचले, तर उंदीर मरतो. खडबडीत वसाहतीतले टोचले, तर उंदीर मजेत फिरत राहतो.

जिवाणू तोच. फरक आहे तो अंगावरच्या आवरणाचा. गुळगुळीत जिवाणूभोवती साखरेच्या लांबलचक साखळ्यांचा जाड थर असतो, खडबडीत जिवाणूकडे तो नसतो. शास्त्रज्ञ या थराला कॅप्सूल म्हणतात. आपण अंगरखा म्हणू.

हा अंगरखा समजून घ्यायला निघालेल्या लोकांच्या हाती एक लस लागली, आणि वाटेत डीएनएचं रहस्यही लागलं. डीएनएचा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. लसीचा भाग फार कमी जणांना. ती लस सिद्ध झाली, बाजारात आली, आणि मग लोक तिला विसरून गेले. हा विसरण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मूठ कुठे आहे?

१८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी एकमेकांना न विचारता या जिवाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोघांनाही तो माणसाच्या थुंकीत सापडला होता. पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं, की न्यूमोनियाच्या बहुसंख्य रुग्णांच्या फुफ्फुसात हाच बसलेला असतो. त्या काळी न्यूमोनिया म्हणजे धडधाकट माणूस आठवड्याभरात जाणं. विल्यम ऑस्लर या नामांकित डॉक्टरने त्याला माणसं मारणाऱ्या रोगांचा सरदार ठरवलं होतं.

गंमत अशी, की हाच जिवाणू कितीतरी निरोगी मुलांच्या नाका-घशात मुकाट राहतो. गडबड होते ती तो फुफ्फुसात किंवा रक्तात शिरला की.

रक्तात त्याला गिळायला पांढऱ्या पेशी तयार असतात. पण गिळायचं तर आधी पकडायला हवं. त्यासाठी रक्तातली काही प्रथिनं जिवाणूच्या अंगावर चिकटतात. पांढऱ्या पेशीला ती भांड्याच्या मुठीसारखी उपयोगी पडतात. अंगरखा असला की या मुठी त्याच्या खाली दबून जातात. पेशी चाचपडते, हाताला काही लागत नाही, आणि जिवाणू निसटतो.

यावर उपाय एकच : थेट अंगरख्यालाच चिकटणारी प्रतिपिंडं. मग मुठी बाहेरच्या बाजूला येतात.

प्रत्येकाचा अंगरखा वेगळा

१९१० साली जर्मनीत फ्रेड नॉयफेल्ड आणि लुडविग हेंडेल यांनी दाखवलं, की न्यूमोकॉकसचे वेगवेगळे प्रकार आहेत. घोड्याला एका प्रकाराचे जिवाणू टोचून मिळवलेला रक्तद्रव त्याच प्रकारावर चालतो, दुसऱ्यावर नाही. त्यामुळे रक्तद्रव देण्याआधी रुग्णाचा जिवाणू कोणत्या प्रकारचा आहे हे शोधावं लागे. त्यासाठी रुग्णाची थुंकी उंदराला टोचत. तोवर रुग्ण आणि नातेवाईक वाट बघत.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात ऑस्वाल्ड एव्हरी नावाचा मितभाषी डॉक्टर या कामात होता. १९१७ मध्ये त्याने आणि अल्फोन्स डोशे यांनी सांगितलं, की जिवाणू एक विरघळणारा पदार्थ बाहेर टाकतो, तो रुग्णाच्या रक्तात आणि लघवीतही सापडतो, आणि प्रत्येक प्रकाराचा वेगळा असतो. तो पदार्थ आहे काय, हे शोधायला एव्हरीने मायकेल हायडेलबर्गर या रसायनशास्त्रज्ञाला गाठलं. १९२३ मध्ये उत्तर आलं : साखर.

हे पचायला जड गेलं. शरीराची संरक्षणव्यवस्था ओळखते ती प्रथिनं, अशी तेव्हा समजूत होती. साखरेसारख्या साध्या गोष्टीत इतकी ओळख साठवलेली असेल, हे पटेना.

मग १९३० मध्ये रने ड्युबो आणि एव्हरी यांनी एक नेमका प्रयोग केला. ड्युबोने दलदलीच्या मातीतून असा एक जिवाणू शोधला, ज्याचं विकर तिसऱ्या प्रकारच्या न्यूमोकॉकसची साखर तोडतं. ते विकर न्यूमोकॉकसला मारत नाही, फक्त अंगरखा उतरवतं. ते दिलेले उंदीर वाचले. रोग करण्याची ताकद अंगरख्यात आहे, याचा याहून सरळ पुरावा मिळणं कठीण.

मेलेल्याचा अंगरखा जिवंताला

याच सुमारास लंडनमध्ये, आरोग्य मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत, फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोकॉकसचे प्रकार तपासत होता. १९२८ मध्ये त्याने एक विचित्र निष्कर्ष छापला. उष्णतेने मारलेले गुळगुळीत जिवाणू आणि जिवंत खडबडीत जिवाणू त्याने एकत्र करून उंदरांना टोचले. दोन्ही गट वेगवेगळे दिले तर निरुपद्रवी. एकत्र दिल्यावर मात्र उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत गुळगुळीत जिवाणू सापडले. अंगरखा कसा शिवायचा ही माहिती मेलेल्यांकडून जिवंतांकडे गेली होती, आणि पुढच्या पिढ्यांतही टिकत होती.

एव्हरीचा आधी यावर विश्वास बसला नाही. प्रकार बदलत नाहीत, यावर तर त्याचं आयुष्यभराचं काम उभं होतं. पण नंतर त्यानेच या माहितीचा वाहक शोधायला घेतला. १ फेब्रुवारी १९४४ रोजी एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांचा निबंध आला. वाहक होता डीएनए. एव्हरी तेव्हा ६६ वर्षांचा होता. नोबेल त्याला कधीच मिळालं नाही. ग्रिफिथला तर हा निबंध वाचायलाही मिळाला नाही. १९४१ च्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात तो मारला गेला होता.

चार विरुद्ध सव्वीस

यातला कॉलिन मॅक्लाउड लक्षात ठेवा. डीएनएच्या निबंधावर नाव असलेला हाच माणूस त्याच सुमारास हायडेलबर्गर आणि इतरांबरोबर लसही तपासत होता.

जागा होती अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातली हवाई दलाची एक प्रशिक्षणशाळा, जिथे न्यूमोनियाच्या साथी येत. सुमारे १७ हजार जवानांपैकी निम्म्यांना चार प्रकारांच्या अंगरख्यांची शुद्ध साखर टोचली, उरलेल्यांना मिठाचं पाणी. या चार प्रकारांचा न्यूमोनिया लस घेतलेल्यांत ४ जणांना झाला, न घेतलेल्यांत २६ जणांना. १९४५ मध्ये निकाल छापून आला. लवकरच एका कंपनीने लस बाजारात आणली.

आणि काही वर्षांत मागेही घेतली. कोणी विकतच घेत नव्हतं. कारण पेनिसिलिन आलं होतं. इंजेक्शन दिलं की न्यूमोनियाचा रुग्ण उठून बसतो, तर आधीपासून लस टोचत कशाला बसायचं? डॉक्टरांचं म्हणणं वरवर अगदी रास्त होतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात असं रोज घडतं. एखादी सोय कमी लोक वापरतात, डॅशबोर्डवरचा सरासरीचा आकडा छान दिसतो, म्हणून ती बंद होते. सरासरीखाली कोण दबलं आहे, हे बघायला कोणी तरी आकडे फोडून मांडावे लागतात.

इथे ते रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी मांडले. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयात त्यांनी १९५२ पासून दहा वर्षं न्यूमोकॉकसचे रुग्ण नोंदवले. पेनिसिलिनमुळे मृत्यू खूप कमी झाले होते, यात वाद नव्हता. पण १९६४ मध्ये त्यांनी आणि जेरोम गोल्ड यांनी दाखवलं, की आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत जे मरतात, त्यांच्या संख्येत पेनिसिलिनने जवळजवळ काहीच फरक पडलेला नाही. औषध जिवाणू मारत होतं, पण तोवर शरीराचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असे. अशांना वाचवायचं तर रोग व्हायच्या आधीच वाचवायला हवं होतं.

लस पुन्हा तपासायची तर न्यूमोनिया भरपूर असलेली जागा हवी. ती होती दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी. दूरदूरच्या गावांतून आलेले कृष्णवर्णीय मजूर तिथल्या बराकींत दाटीवाटीने राहत. १९११ मध्ये अल्मरॉथ राइट यांनीही अख्ख्या जिवाणूंची लस याच खाणमजुरांवर तपासली होती. साठ वर्षांनी ऑस्ट्रियन यांची लस तिथेच सिद्ध झाली, आणि १९७७ मध्ये अमेरिकेत १४ प्रकारांच्या लसीला परवाना मिळाला. ज्यांच्या अंगावर ती तपासली, त्यांना न्यूमोनिया होत होता तो अंगरख्यामुळे, तसाच बराकींमुळेही. बराकींवर लस नव्हती.

दोन वर्षांखालची मुलं

तरीही एक मोठा गट बाहेरच राहिला. दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीर नुसत्या साखरेला नीट ओळखत नाही. आणि मुलांमध्ये न्यूमोकॉकस सगळ्यात जास्त बळी घेतो ते याच वयात.

यावरचा उपाय १९३१ पासून छापील स्वरूपात होता. एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी तिसऱ्या प्रकारची साखर एका प्रथिनाला जोडून सशांना टोचली होती. नुसत्या साखरेला दाद न देणाऱ्या सशांनी जोडलेल्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं बनवली. ही कल्पना न्यूमोकॉकसच्या लसीत बाळांपर्यंत पोचली २०००मध्ये, म्हणजे ६९ वर्षांनी. ती लस सात प्रकारांची होती, आणि ते सात निवडले होते मुख्यतः अमेरिकेतल्या मुलांचे आजार बघून. आफ्रिका-आशियात त्रास देणारे पहिला आणि पाचवा हे प्रकार त्यात नव्हते. किंमतही गरीब देशांना झेपणारी नव्हती.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लसीत दहा प्रकार आहेत, आणि त्यात पहिला व पाचवाही आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. भारताच्या सरकारी लसीकरणात न्यूमोकॉकसची लस २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. बाळाच्या लसीकरण कार्डावर पीसीव्ही असं लिहिलेलं दिसतं ते हेच. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, असे तीन डोस.

गोष्ट इथे संपत नाही. न्यूमोकॉकसचे आता शंभरावर प्रकार माहीत आहेत. लसीतले प्रकार मागे पडले, की लसीबाहेरचे पुढे सरकतात. शिवाय मुलांच्या नाकात दोन प्रकार शेजारी राहत असतील, तर एक दुसऱ्याचा डीएनए उचलून अंगरखा बदलू शकतो. ग्रिफिथने उंदरांत पाहिलं ते हेच. म्हणून कोणत्या गावात, कोणत्या वयात, कोणता प्रकार सापडतो, हे आजही कोणी तरी बसून नोंदवावं लागतं. ऑस्ट्रियन यांनी ब्रुकलिनमध्ये दहा वर्षं तेच केलं होतं.