वावडिंग, पळसपापडी आणि मोजलेले जंत

तान्ह्या बाळाच्या दुधात वावडिंगाचे चार दाणे टाकून ते उकळण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बडोद्यास येताना आपल्या पूर्वजांनी देव आणले, गोडा मसाला आणला, तसा आजीबाईचा बटवाही आणला. त्या बटव्यात जंतांवरची औषधे हमखास असत : वावडिंग, पळसपापडी, किरमाणी ओवा, कपिला, डाळिंबाच्या मुळाची साल. यांतले कोणते खरोखर गुणकारी, हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला गेला तो मात्र सुमारे शंभर वर्षांपूर्वी. त्या कथेत मराठी माणसांचा वाटा आहे आणि त्यांतील एकाचा संबंध बडोद्याशीही आहे.

जंतांचा विचार आपल्याकडे जुना. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि उपचाराच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत : कृमी शरीराबाहेर काढणे, त्यांना पोषक अशी शरीरातील स्थिती मोडणे, आणि मूळ कारणच टाळणे. औषधांत वावडिंगाला, म्हणजे विडंगाला, मानाचे स्थान आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय डॉक्टरांनीही या झाडपाल्याकडे लक्ष वळवले. गणपतीच्या पत्रीत आपण जे डाळिंबाचे पान वाहतो, त्याच झाडाच्या मुळाची साल बंगालमध्ये पट्टकृमीवर देतात, हे फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी १८०७ साली नोंदवले. १८७८ मध्ये फ्रान्समधील तांरे यांनी त्या सालीतून पेलेटिअरिन हे द्रव्य वेगळे केले. किरमाणी ओव्याच्या जातीतील वनस्पतींतून १८३० सालीच सँटोनिन मिळाले होते. ते मोठ्या गोल जंतांवर चाले. पण मात्रा वाढली की रोग्याला सारे जग पिवळे दिसू लागे.

या दोन्ही जंतांची एक सोय होती : ते डोळ्यांना दिसत. गोल जंत वीतभर किंवा त्याहून लांब. पट्टकृमीचे तुकडे मलात सहज ओळखू येत. औषध दिले, जंत पडले, गुण आला, असा साधा हिशेब होता. परंतु त्यात खोट होती. जंत कधी कधी औषधावाचूनही पडतात. बरोबर रेचक दिले असेल, तर श्रेय रेचकाचे की वनस्पतीचे, हे कळत नाही. शिवाय पडलेले दिसतात. आत राहिलेले दिसत नाहीत.

ही खोट उघडी पडली ती अंकुशकृमीमुळे. जेमतेम एक सेंटिमीटरचा हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. रोगी पांढराफटक पडतो, दम लागतो, काम होत नाही. पण मलात काही वावगे दिसत नाही. इटलीतील दुबिनी यांनी १८३८ साली शवविच्छेदनात हा जंत प्रथम पाहिला. १८८० च्या सुमारास आल्प्समधील गोथार्ड बोगदा खणणाऱ्या मजुरांत याच जंताने पांडुरोगाची साथ पसरवली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. इटालियन डॉक्टर बोझोलो यांनी त्यावर थायमॉल वापरले, आणि पुढे अनेक वर्षे तेच मुख्य औषध ठरले. थायमॉल म्हणजे आपले ओव्याचे फूल. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानचा ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढले जाई.

ओव्यात एवढे सामर्थ्य, तर इतर वनस्पतींत का नसावे? हा विचार स्वाभाविक होता. पण त्यासाठी आधी झाडांची नीट ओळख हवी. एकाच नावाने गावोगावी निरनिराळी झाडे ओळखली जात. हे काम अंगावर घेणाऱ्यांत होते लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने लष्करी वैद्यकसेवेतील डॉक्टर, अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ, आवडीने मराठी कवी. १९०९ साली बडोद्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते हेच. भारतीय औषधी वनस्पतींवर त्यांनी मेजर बामनदास बसू यांच्यासह लिहिलेला प्रचंड सचित्र ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पाहायला कीर्तिकर उरले नव्हते; आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

झाड ओळखले, आता गुण मोजायचा होता. मद्रास इलाख्यातील अंकुशकृमीच्या पाहणीच्या निमित्ताने डॉ. के. एस. म्हसकर आणि रसायनज्ञ फादर जे. एफ. कायस यांनी १९२० च्या आगेमागे एक लेखमालाच लिहिली. जंतनाशकातील रासायनिक घटक आणि त्याचा प्रत्यक्ष गुण यांचा मेळ बसतो का, हा तिचा विषय.

अशा चाचणीची रीत किळसवाणी, पण चोख असे. औषध दिल्यावर रोग्याचा सगळा मल काही दिवस साठवायचा, चाळणीवर धुवायचा आणि पडलेला प्रत्येक जंत मोजायचा. मग गुण सिद्ध झालेले दुसरे औषध देऊन मागे राहिलेले जंत पाडायचे आणि तेही मोजायचे. समजा, पहिल्या औषधाने ४० जंत पडले आणि नंतरच्या औषधाने आणखी ६०, तर पहिल्याचा गुण शंभरात चाळीस. पहिली गणना एकटीच पाहिली असती, तर ४० जंत पाडणारे औषध रामबाण वाटले असते.

या मोजणीत घरगुती वनस्पतींपैकी बहुतेक अंकुशकृमीपुढे फिक्या पडल्या. याचा अर्थ आजीबाई खोटी होती असा नाही. पट्टकृमीवर चालणारे औषध अंकुशकृमीवर चालेलच असे नाही. ‘जंत’ या एका शब्दाखाली कितीतरी वेगळे प्राणी दडलेले होते. पळसाच्या बियांतून पुढे पॅलासोनिन हे जंतांवर परिणाम करणारे द्रव्य मिळाले, तेव्हा पळसपापडीला अगदीच आधार नव्हता असेही नाही. सर्पदंशावरच्या शेकडो वनस्पती म्हसकर आणि कायस यांनी पुढे अशाच तपासल्या, आणि एकही उपयोगी नाही असा निर्वाळा दिला. लोकांना प्रिय असलेल्या गोष्टीला नाही म्हणायला धैर्य लागते. हेच दोघे फादर ब्लॅटर यांच्यासह कीर्तिकरांच्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती काढायला बसले, हे विशेष. वनस्पतींविषयीची आस्था आणि त्यांची कठोर पारख एकाच टेबलावर नांदत होती.

या इतिहासाची एक बाजू मात्र बोचणारी आहे. त्या काळी अशा चाचण्या पुष्कळदा तुरुंगांत होत. कैदी एका जागी असत, खाणे ठरलेले असे, मल गोळा करणे सोपे जाई. आज आपण ज्याला रोग्याची संमती म्हणतो, तिची चौकशी फारशी कोणी करत नसे. आपल्या ज्ञानात त्या निनावी माणसांचेही देणे आहे.

आज ही सारी औषधे मागे पडली आहेत. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून आणि अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. पण गोळीने जंत पडले तरी उघड्यावर शौच आणि अनवाणी पाय यांमुळे अंकुशकृमी पुन्हा शिरतो, कारण त्याची अळी मातीतून थेट त्वचेवाटे आत जाते. संडास, चपला आणि धुतलेले हात हीच चरकाची तिसरी पायरी. बाळाच्या दुधातले वावडिंग परंपरा म्हणून खुशाल राहू द्यावे. मूल निस्तेज दिसू लागले, तर मात्र मलाची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना विचारावे.