वर्गणी, अनुदान आणि बालविभाग : नगर जिल्ह्यातील एक परंपरा

अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात मुलींना वाचायला-लिहायला शिकवण्याचा आरंभीचा खर्च प्रामुख्याने धर्मादाय देणग्यांतून भागला. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणे उभारले आणि 1827 पासून मुंबईत काम करणाऱ्या सिंथिया फरार 1839 मध्ये येथे येऊन मुलींच्या शाळा चालवू लागल्या. याच शाळा पाहून जोतीराव फुले यांना 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. मिशनने 1842 मध्ये नगरातूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले, तर मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक पुढे काढले.

शहरातील जिल्हा वाचनालयाचा इतिहास 1838 पर्यंत मागे जातो. वर्गणी भरेल तो सभासद, या जुन्या वाचनालयांच्या सर्वसाधारण रीतीत स्वतःची मिळकत नसलेल्या मुलाला वाचक म्हणून स्थान मिळणे अवघडच होते.

सरकारी पैशाला निश्चित रूप आले ते 1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याने. त्यातील ‘सहायक अनुदान’ ही कल्पना अशी की, खासगी संस्थेचा सारा भार न उचलता, तपासणी मान्य केल्याच्या बदल्यात सरकारने खर्चाचा काही वाटा द्यावा. मुंबई इलाख्यात पुढे हे अनुदान परीक्षेच्या निकालाशी जोडले गेले, म्हणजे निरीक्षकापुढे उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हिशेबाने संस्थेला रक्कम मिळू लागली. या पद्धतीने शाळांना शिस्त लावली खरी, पण परीक्षेबाहेरच्या वाचनाला तिच्या लेखी काहीच किंमत नव्हती.

ग्रंथालयांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो 1 मे 1968 पासून अंमलात आलेला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967. मद्रासच्या 1948 च्या कायद्याप्रमाणे घरपट्टीवर ग्रंथालय उपकर, म्हणजे केवळ ग्रंथालयांसाठीचा जादा कर, बसवण्याचे महाराष्ट्राने टाळले आणि लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार वार्षिक अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. स्थानिक पुढाकाराला वाव देणारी ही रचना खेड्यापाड्यांत वाचनालये रुजवण्यास उपकारक ठरली, तथापि स्वतंत्र बालविभागाची अपेक्षा प्रामुख्याने वरच्या वर्गांकडून ठेवली गेल्याने मुलांच्या वाचनाची सोय मोठ्या गावांकडे झुकली. ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान 2012 मध्ये 30,000 रुपये झाले, आणि एवढ्यात कर्मचाऱ्याचे मानधन, वर्तमानपत्रे, वीजबिल व ग्रंथखरेदी भागवणाऱ्या गावाला बालवाङ्मयासाठी वेगळी रक्कम काढणे कठीणच जात असे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांत मुलांच्या कोपऱ्यासाठी साहाय्य आहे. मात्र अशा साहाय्याचा भर पुस्तके आणि साधनसामग्रीवर असतो, मुलांना गोष्ट वाचून दाखवणाऱ्या किंवा त्यांच्याकडून लिहून घेणाऱ्या माणसाच्या मेहनतान्याची तरतूद गावालाच पाहावी लागते.